गाळलेल्या सकाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोरसुद्धा मी मुलीच्या परीक्षेचं आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं मागून पटकन मोकळी होते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे अंगात धैर्य आलंय असं काही समजू नका. हे लिहायला बसण्याआधी दाराची कडी लागली आहे ना, ते उठून पुन्हा बघून आले.

कुठून सुरू करू? कारखान्यापासूनच करते. शेंद्र्याला एका कारखान्यात मी नियोजन विभागात होते — अजून आहे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि तरीही शहर सुटल्यासारखं वाढत चाललं होतं. चिकलठाण्याकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि शेतात काही उरलं नाही म्हणून गावाकडची पोरंपोरी कंत्राटी कामाला येत होती, पार देवगाव रंगारीहून. त्यांना पहाटे आणायला एक बस होती. चिकलठाण्याच्या लोकांना आणायला दुसरी.

कंपनीनं मला एका अभ्यासक्रमाला घातलं. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचे वर्ग, शेवटी प्रमाणपत्र. विषय ऑपरेशन्स रिसर्च. नाव भारदस्त, पण काम असं की आहेत तेवढ्याच गाड्या, माणसं आणि वेळ यांत जास्तीत जास्त कसं भागवायचं ते गणितानं शोधायचं. घर चालवणारी कुठलीही बाई हेच करते म्हणा, फक्त तिला प्रमाणपत्र कुणी देत नाही. वर्गात सगळे माझ्याहून लहान. चाळिशीला आलेली, आकड्यांच्या फळ्याकडे डोळे बारीक करून बघणारी मी एकटीच. मला तो विषय आवडायचा — हे सांगू ना? मनापासून आवडायचा. म्हणूनच पुढचं जास्त लाजिरवाणं आहे.

शेवटी एक प्रकल्प करायचा होता, आपापल्या कामाच्या ठिकाणचा. आमच्या साहेबांनीच सुचवलं की बसचा करा. देवगावची गाडी शेंद्र्यात लवकर पोचली, तर तीच रिकामी करून चिकलठाण्याला पाठवता येईल. दुसरी गाडी बंद. साहेब हे इतक्या सहज बोलले, की मला तो प्रश्न नव्हे, हुकूमच वाटला. आमच्या घरात आजोबांपासून कारकुनी. साहेबाला नाही म्हणायचं नसतं, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

शिकवणारे सर म्हणाले, कुणाचे आकडे उसने घेऊ नका, स्वतः गाडीत बसा आणि घड्याळ लावून मोजा. म्हणून मी देवगावला मावससासूबाईंकडे राहायला गेले आणि रोज पहाटे त्या बसनं येऊ लागले.

ड्रायव्हरचं नाव अंकुश. देवगावचाच. पहिल्या दिवशी त्यानं मला आपल्या मागची जागा फडक्यानं पुसून दिली. दोन दिवस मॅडम म्हणाला, मग ताई म्हणायला लागला. शिफ्टमधली पोरं बसल्या बसल्या झोपायची. खिडकीशी उज्ज्वला म्हणून एक मुलगी असायची, तेवढी जागी. ती मला रोज विचारायची की ताई, तुम्ही इतकं काय लिहिता? मी म्हणायचे, तुझी झोप मोजते. ती हसायची.

कसाबखेड्याच्या अलीकडे एका विहिरीवर टँकर भरायचे. त्यांची रांग रस्त्यावर यायची. एक टँकर वळायला लागला की दोन्हीकडची वाहतूक ठप्प. त्यातले बरेच टँकर आमच्यासारख्यांच्या नव्या फ्लॅटकडेच निघालेले असायचे. आमची बस तिथं अडकायची आणि अंकुश स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचा. मी एकदा विचारलं, हे असं नेहमी होतं का? तो म्हणाला, "रोजच ऱ्हाती ही लाईन, ताई. एखाद् दिशी नसली तर देव पावला समजायचं." मी मान हलवली. म्हणजे मला कळलं होतं. हे नीट लक्षात ठेवा — मला कळलं होतं.

घरी येऊन मी सगळे आकडे संगणकात घातले. उत्तर आलं की शक्य नाही. एका गाडीत हे बसतच नाही. मी पुन्हा घातले, आकडेमोड तपासली. पुन्हा तेच.

आता तुम्ही म्हणाल, मग तेच सांगायचं. सरांनी तर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की शक्य नाही हेसुद्धा उत्तर असतं आणि ते सांगायला लाजू नये. पण सादरीकरणाला साहेब येणार होते. फी कंपनीनं भरलेली. मी उभी राहून काय सांगणार? की तुम्ही मला शिकायला पाठवलंत आणि मी शिकून आले ते हे, की जमत नाही? मला आजही नवल वाटतं की माणूस इतक्या फालतू गोष्टीला इतका कसा घाबरतो.

मग मी काय केलं — मी काही सकाळी गाळल्या. ज्या सकाळी बस रांगेत अडकली त्या अपवाद म्हणून बाजूला काढल्या. ज्या एक-दोन सकाळी रस्ता मोकळा मिळाला त्या ठेवल्या. आमच्या विषयात याला परवानगी आहे. एखादाच आकडा वेडावाकडा आला तर तो सोडता येतो. पण मी सोडल्या त्या रोजच्या सकाळी, आणि ठेवल्या त्या देव पावलेल्या.

आता उत्तर आलं. एक गाडी पुरते.

सादरीकरणात सरांनी एकच प्रश्न विचारला, की हे किती दिवसांचं मोजमाप आहे? मी म्हणाले, जितके दिवस बसले तितक्या सगळ्या दिवसांचं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी हसत होते. फोटो आहे त्याचा. त्यात मी अगदी आनंदी दिसते.

पुढच्या महिन्यापासून माझं वेळापत्रक लागू झालं, देवगावच्या पोरांची हजेरीची वेळही तेवढी अलीकडे आली. दुसरी गाडी बंद झाली. आणि माझी झोप गेली. अंकुशला रोज उशीर व्हायला लागला. उशीर झाला की कंत्राटी पोरांचा अर्धा दिवस कापायचे, त्यामुळे तीच पोरं मागून ओरडायची की भाऊ, दाबा. हे मला उज्ज्वलानं सांगितलं. कॅन्टीनमध्ये भेटली तेव्हा म्हणाली की रांगेतून सुटल्यावर गाडी अशी पळती की झोपच लागत नाही आता. मी तिला सांभाळून बस म्हणाले. यापलीकडे काही केलं का? नाही. वर जाऊन जागेवर बसले. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि तो दुसऱ्याच कामाचा निघाला की मी सुटकेचा श्वास सोडायचे. म्हणजे काहीतरी होणार, हे मी रोज गृहीत धरून होते. आणि थांबवत नव्हते.

मग एका सकाळी खरंच फोन आला. रांगेतून सुटल्यावर अंकुशनं बस पळवली. पुढं रस्त्याच्या कडेला कडब्याची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नसलेली. त्यानं शेवटच्या क्षणी वळवली, पण डावी बाजू घासत गेली. सगळ्या काचा आत आल्या. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. उज्ज्वलाचा डावा डोळा गेला.

चौकशीची बैठक झाली. साहेब, बसचा कंत्राटदार, अंकुश आणि मी. साहेबांनी माझं वेळापत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, यात तर भरपूर वेळ दिलेला आहे, मग गाडी पळवायचं कारण काय? कंत्राटदार लगेच म्हणाला की हा वाटेत चहाला थांबत असणार. अंकुशच्या कपाळाला पट्टी होती. तो माझ्याकडे वळला — रागानं नाही हो, अगदी भरवशानं — आणि म्हणाला, "ताई, तुमी तर बसल्या व्हत्या ना माह्या गाडीत? तुमीच सांगा सायबाला. ती लाईन रोज ऱ्हाती का नाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी टेबलाकडे बघत म्हणाले, "बसले होते. एखाद्या दिवशी असते रांग. पण वेळापत्रकातली वेळ बरोबर आहे."

झालं. एवढंच माझं वाक्य. त्यानंतर अंकुश नुसता माझ्याकडे बघत राहिला, जणू मी ऐकण्यात चुकले असेन आणि आता सुधारून सांगेन. मी सुधारलं नाही. त्याला काढलं. पोलीस केस त्याच्यावर झाली, निष्काळजीपणाची.

आणि पुढचं ऐका. साहेबांनी काही दिवसांनी मला शांतपणे सांगितलं की वेळापत्रक जरा सैल करा, उगीच जोखीम नको. मी गाळलेल्या सगळ्या सकाळी परत घातल्या. दुसरी बस सुरू झाली. कुणीही काही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते. त्याच वर्षी मला बढती मिळाली, प्रमाणपत्रामुळे.

अंकुशचा फोन आला होता. नाव दिसलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. वाटलं, आता हा शिव्या देणार, नाहीतर दारात येणार. उचलला. त्यानं आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, "ताई, तुमच्यावर सायबाचं दडपण आसंल, मला समजतंय. फकस्त एक चिठ्ठी लिहून द्या, की चूक माही नव्हती. त्याच्याबिगर कुणी गाडी देईना." मी बघते म्हणाले. त्यानंतर त्याचे फोन आले, ते मी उचलले नाहीत. पुढं येईनासे झाले.

मी त्याला भीत होते आणि तो माझ्यासाठी सबब शोधून देत होता. ती सबबही खोटी आहे. त्या बैठकीत माझ्यावर कुणीही दडपण आणलं नव्हतं. मला कुणी काही शिकवून आणलं नव्हतं. अंकुश खरं बोलत होता आणि मी खोटं बोलले, पकडली जाईन म्हणून.

उज्ज्वलाला मी भेटायला गेले नाही. ती कुठं असते, मला माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

अंकुश देवगाव रंगारीतच आहे. दुसऱ्यांच्या शेतावर जातो, असं मावससासूबाई सहज बोलून गेल्या. त्याचं घर मला ठाऊक आहे. ती चिठ्ठी मी आजही लिहून देऊ शकते, चार ओळींची तर आहे. दिलेली नाही.