तीन वेळा धुतलेली भांडी

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला माझ्या खोलीच्या दाराबाहेर चपला थांबल्याचा आवाज येतो. दार कोणी वाजवत नाही. मी आतूनच ओरडते, "अगं ये ना, उघडंच आहे!" आणि कोणी आलं नाही की वैतागून उठते. व्हरांड्यात कुत्रंसुद्धा नसतं.

भूतबित मी मानत नाही. नांदेडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं मानावं तरी कसं? पण चपला कोणाच्या ते मला पक्कं माहीत आहे. पट्टा तुटलेला, त्याला टाचणी लावलेली, म्हणून डावा पाय जरा घासत यायचा. ती पोरगी दाराशी यायची, थांबायची आणि मी मान वर करेपर्यंत तशीच उभी राहायची.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. केसाचे उभे हजार भाग केले तर एक भाग जेवढा होईल, त्या मापाच्या वस्तू मी बनवते. बनवायची रीत मात्र स्वयंपाकासारखीच. जस्ताचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात थेंबथेंब अमोनिया सोडायचा, मंद आचेवर ठेवायचं. तळाला पांढरी भुकटी बसते. ती डोळ्यांना पिठासारखीच दिसते. तिच्या आत काय आहे हे बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो आणि तो आमच्याकडं नाही. म्हणून पुडी बांधून बाहेरगावी पाठवायची आणि फोटो येईपर्यंत तीन आठवडे देव पाण्यात घालून बसायचं.

बहुतेकांच्या फोटोत गोळे निघतात. आम्ही त्याला बुंदी म्हणतो. माझ्या पीएचडीच्या वेळी, लातूरला, माझ्या फोटोत सुया निघाल्या. सरळ, सारख्या, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या सुया. माझे गाईड खुर्चीतून उठून उभे राहिले होते. त्या सुयांना वायूचा वास फार पटकन कळायचा, म्हणजे सेन्सरसाठी सोनंच. त्यावर माझा शोधनिबंध छापून आला, त्याच जोरावर डिग्री आणि नांदेडची ही नोकरी. गल्लीत आईनं पेढे वाटले. कशाचे पेढे म्हणून विचारलं तर ती सांगायची, "पोरीनं सुया केल्यात, डोळ्यांना दिसत न्हाईत."

त्या निबंधात एक वाक्य आहे. "काचेची सर्व भांडी तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने धुतली." हे वाक्य आमच्या धंद्यात सगळेच लिहितात. मी माझ्या सीनियरच्या प्रबंधातून उतरवलं, तिनं तिच्या सीनियरच्या. लग्नपत्रिकेतल्या "आपली उपस्थिती प्रार्थनीय"सारखं ते असतं. कोणी वाचत नाही, पण नसलं तर लोक नाक मुरडतात.

मी भांडी तीन वेळा धुतली नव्हती.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष होतं. घरी आई ताटं कोरड्या राखेनं घासून फडक्यानं पुसायची. आंघोळ आम्ही घमेल्यात बसून करायचो, म्हणजे खालचं पाणी संडासाला टाकता यावं. आणि प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र कसलं! एक लिटर शुद्ध पाणी द्यायला ते वाफ थंड करण्यापायी पिंपभर पाणी मोरीत सोडायचं. मला ते बघवायचं नाही. द्रावणापुरतं डिस्टिल्ड पाणी मी वापरायची आणि भांडी कॉलेजच्या बोअरच्या पाण्यानं एकदा विसळायची. एक मग पाणी, बास. ते पाणी एवढं जड होतं की वाळल्यावर काचेवर पांढरे डाग राहायचे. मला त्यात काही चूक वाटली नाही. उलट दोनदा धुतलं असतं तर मला आईसमोर उभं राहायची लाज वाटली असती. आणि प्रबंध टाइप करताना बोटांनी आपोआप लिहिलं, तीन वेळा.

नांदेडला आल्यावर माझ्याकडं पहिली विद्यार्थिनी आली ती ही. लातूरचीच. हुशार, हट्टी, बोलायला कमी. तिला विषय दिला माझ्याच सुयांचा. मी केलेल्या रीतीनं सुया बनवायच्या आणि मग त्या सेन्सरमध्ये बसवायच्या. सहा महिन्यांचं काम, असं मी तिला म्हणाले.

पहिला फोटो आला, बुंदी. दुसरा, बुंदी. इथं नांदेडला गोदावरीचं पाणी, विष्णुपुरीचं धरण भरलेलं, कशाची कमी नाही. पोरगी भांडी तीन वेळा धुवायची, डिस्टिल्ड पाण्यानं, अगदी पुस्तकाबरहुकूम. वर्ष गेलं, दुसरं गेलं. दरवेळी तीन आठवडे वाट बघायची आणि फोटो उघडला की बुंदी. मी म्हणायची, "हात स्वच्छ ठेव जरा. आमच्या वेळी काही नव्हतं, तरी आम्ही करून दाखवलं." हे वाक्य मी किती वेळा तिच्या तोंडावर मारलं असेल, मोजदाद नाही.

प्रयोगशाळेतले आमचे चाचा, भांडी आणि कपाटं त्यांच्याकडं असतात, एकदा मला म्हणाले, "मॅडम, पोरगी लई कष्ट करून राहिली. मोरीपाशी उभी राहून रडती. जरा बघा ना तिचं."

"चाचा, रडून सुया येत नाहीत," मी म्हणाले. फार शहाणी ना मी!

तिसऱ्या वर्षी एका शनिवारी ती दाराशी आली, थांबली. मी मान वर केली तर म्हणाली, "मॅडम, पाण्याचा काही संबंध असंल का? तुमचं मूळ काम लातूरला झालं. त्या वर्षी तिथं पाणी..."

मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं!" म्हणून अशी फाडकन बोलले की बाहेर चाचांच्या हातातलं फडकं थांबलं. एवढा राग कशाचा आला होता मला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्या क्षणी मला बोअरच्या पाण्याचा तो मग आठवला होता, काचेवरचे पांढरे डाग आठवले होते. दोन गोष्टी एकमेकींजवळ आल्या होत्या आणि मी मध्ये हात घालून त्यांना लांब ढकललं. हे मी आज लिहिते. तेव्हा मी चहा मागवला आणि विसरून गेले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी तिनं काम सोडलं. टेबलावर अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं, घरगुती. मी तिला एका शब्दानं थांबवलं नाही. उलट म्हणाले, "ज्याचं त्याला झेपतं." ती वाकून नमस्कार करायला लागली, पण मग मध्येच सरळ झाली आणि गेली. चप्पल घासत गेल्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत आला. तेव्हापासून तो येतोच आहे.

यंदा आमची प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली. चाचा कपाटं रिकामी करत होते. एक लाल कव्हरची वही घेऊन आले. "मॅडम, ही त्या लातूरच्या पोरीची. फेकू का ठिवू?"

मी उभ्या उभ्याच चाळली. प्रत्येक पानावर तारीख, मापं आणि खाली एक ओळ. "आज पण बुंदी." पुन्हा, "आज पण बुंदी." तीन वर्षांची बुंदी. आणि दर आठ-दहा पानांनी माझी हिरव्या शाईची सही. आमच्याकडं दस्तूरच आहे. दर शनिवारी विद्यार्थ्यांनी वह्या टेबलावर आणून ठेवायच्या आणि गाईडनं सह्या करायच्या.

शेवटून दुसरं लिहिलेलं पान मी वाचलं आणि खाली बसले. अक्षर तिचंच, बारीक.

"मॅडमचं मूळ काम लातूरचं, दुष्काळातलं. म्हणून घरून बोअरचं पाणी दोन बाटल्या आणलं. भांडी त्याच पाण्यानं एकदाच धुतली. बाकी सगळं तेच." त्याखाली तीन आठवड्यांनंतरच्या तारखेची ओळ. "फोटो आला. सुया आल्या. सगळीकडं सुया. बहुतेक भांड्याला राहिलेल्या क्षारांमुळं. तीन वेळा धुतलं तर येत नाहीत. मॅडमच्या निबंधातलं वाक्य बरोबर नसावं. मॅडमना विचारायचं."

आणि त्याखाली माझी सही. हिरवी, ऐटबाज, शेवटी फराटा मारलेली.

पुढच्या पानावर लाल पेनानं एवढंच होतं, "मागील पान रद्द." त्यानंतर वही कोरी.

चाचा पाणी घेऊन आले. मी म्हणाले, काही नाही, उन्हाचं झालं. मनात एकच चाललं होतं. बिचारीला वाटलं असणार, मॅडमच्या छापील शब्दापुढं आपलंच चुकलं. म्हणून तिनं स्वतःच्या हातानं खरं उत्तर खोडलं.

लातूरहून भावाला सांगून बोअरच्या पाण्याचा कॅन मागवला. भांडी एकदा विसळली. पुडी पाठवली. तीन आठवडे मला धड जेवण गेलं नाही. फोटो उघडला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. सुया. तशाच, एकमेकींना चिकटून उभ्या.

मी लातूरला गेले. ती आता तिथल्या एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवते. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटी जाते, तेवढा वेळ मी माफी कशी मागायची त्याची उजळणी करत होते. आयुष्यात कधी मागितलेली नव्हती, सवय कुठून असणार?

ती शिक्षकांच्या खोलीत भेटली. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. "मॅडम! बसा ना. चहा घेताव?" शेजारच्या वर्गातून माइकवरचा आवाज येत होता. मी वही तिच्यासमोर ठेवली, ते पान उघडलं आणि सगळं सांगितलं. दुष्काळ, बोअरचं ते एक मग पाणी, तीन वेळांचं खोटं वाक्य, आता मी केलेला प्रयोग. म्हणाले, "तुझंच बरोबर होतं गं. निबंध छापला त्या मासिकाला मी पत्र लिहिते, तुझं नाव लावून. वाटल्यास प्रवेश पुन्हा करू, डिग्री होईल. तू स्वतःचं चुकलं समजलीस आणि पान रद्द केलंस, हे माझ्यामुळं झालं."

तिनं त्या पानावर हात ठेवला. "माझं चुकलं असं मला कधीच वाटलं न्हाई, मॅडम. फोटोच होता ना माझ्याकडं."

"मग रद्द का केलंस?"

"तुम्ही सही केली म्हणून." ती शांतपणे बोलत होती, वर्गात शिकवावं तशी. "शनिवारी वही ठेवली. म्हणलं, आता मॅडम बोलवतील. रागवतील, पण बोलवतील. तुम्ही सही करून वही परत पाठवली. मला वाटलं, वाचलं आणि गप बसल्या. पुढं वाढवू नको म्हणतायत. मग जिथं असं चालतं तिथं डिग्री घेऊन काय करायचं, म्हणून सोडलं."

"अगं, नाही गं! मी वाचलंच नव्हतं ते! सोमवारी तपासणीला समिती येणार होती, सगळ्या वह्या पूर्ण दिसायला पाहिजे होत्या. ढीग होता टेबलावर. मी नुसत्या सह्या करत सुटले होते. देवाशपथ सांगते, पान वाचलंच नाही."

मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. गुरू लबाड नव्हती, एवढं तरी.

शेजारचा माइक बंद झाला, पोरांचा गलका उठला.

"वाचलंच न्हाई?" ती म्हणाली. "एवढी वर्षं मी तुम्हाला चोर समजत होते, मॅडम. कोणापाशी बोलले न्हाई, पण समजत होते. तरी मनात एक बरं वाटायचं. मी काय लिहिलं ते एका माणसानं तरी वाचलंय, आणि ते खरं हाय हे त्याला कळलंय."

घंटा झाली. तिनं डस्टर उचललं. दारात थांबून म्हणाली, "पत्र पाठवा. नाव लावा माझं. मी परत येणार न्हाई." आणि वर्गात गेली. पायात नव्या चपला होत्या, आवाज आला नाही.

पत्र मी दुसऱ्याच दिवशी पाठवलं. त्यात लिहिलं की भांडी तीन वेळा नव्हे, एकदा, लातूरच्या बोअरच्या पाण्यानं धुतली होती आणि हे माझ्या विद्यार्थिनीनं शोधून काढलं. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. लाल वही तिची तिच्याकडंच ठेवून आले असते, पण तिनं ती परत माझ्याकडं सरकवली होती.

आता शनिवारी मी वह्या ओळ न ओळ वाचते. पोरं कंटाळतात, चाचा घड्याळ दाखवतात. चार वाजता चपला दाराशी येऊन थांबतात. मी उठून दार उघडते. कोणी नसतं. मग मी परत येऊन लाल वहीतलं ते पान वाचते, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.