लाल दिव्याची ट्रॉली

दुकानातले बिलाचे काउंटर उचलून नेले, त्या दिवशी काउंटरताईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं ज्या खुर्चीत बसून कंबर धरली, ती टेम्पोत चढत असताना त्या चहा पीत नुसत्या बघत राहिल्या. नवऱ्याच्या माघारी त्यांचं असंच झालं होतं. आला दिवस ढकलायचा, बस.

आता बिल ट्रॉलीच करायची. वस्तू टाकली की पडद्यावर नाव आणि किंमत उमटायची. वजन जुळलं नाही की लाल दिवा लागायचा आणि दारापाशी चाकं जाम. ताईंच्या गळ्यात एक कार्ड अडकवून त्यांना तिथे उभं केलं होतं. सामान तपासायचं, कार्ड लावायचं, ट्रॉली मोकळी करायची.

एका दुपारी शिंपीकाकांची ट्रॉली अडली. काका जुनं गिऱ्हाईक. ट्रॉलीत बिस्किटांचा एक पुडा आणि त्यांची कापडी पिशवी.

"काका, पिशवी आत ठेवलीत ना, म्हणून अडलीय. उघडून बघावी लागेल हो."

"बघ की."

आत बायकी चपला, चष्मा, घडी घातलेला गाऊन, रुमालात गुंडाळलेली कवळी.

"काकूंचं?"

"हो. दवाखान्यातून दिलं. सकाळी गेली ती." काका पडद्याकडेच बघत होते. "मुलगा संध्याकाळी पोचेल, मग तिला न्यायचं. तोवर घरी एकटा काय करू? पाय इकडेच वळले. ही बिस्किटं तिलाच लागायची. परत ठेवू का?"

"अहो, आटपा लवकर!" मागून कुणीतरी ओरडलं.

ताईंच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. त्यांनी ट्रॉली मोकळी केली, पिशवी उचलली आणि गळ्यातलं कार्ड काढून मॅनेजरच्या हातात दिलं.

"आत्ता कुठे? गर्दी दिसतेय ना?"

"काकांना घरी सोडते."

पिशवी हातात घेऊन त्या काकांबरोबर त्यांच्या घरापर्यंत चालत गेल्या. दारात काकांना कुलपात किल्ली घालता येईना, ती ताईंनी घातली. गाऊन कुठे ठेवावा हेही त्यांना सुचेना. ताईंनी तो कपाटात ठेवला, आणि मुलगा येईपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना गोदामात खोकी फोडायला पाठवलं. त्या खोकी फोडत राहिल्या. सुट्टीच्या दिवशी मात्र काकांकडे डोकावून यावं, असं त्यांच्या मनात आलं. बऱ्याच दिवसांनी आपण होऊन काहीतरी मनात आलं होतं. त्या जाऊन आल्या.