कांदळाच्या गोष्टीचा क्रम

"एका मुलीचे मन राखण्यासाठी आजोबांनी चुकीचा क्रम बरोबर ठरवला." आमच्या सोसायटीत ती हकीकत अशीच सांगितली जाते. ते आजोबा म्हणजे मी. सांगणारे त्या सकाळी हजर होते, हे मला मान्य आहे. त्यांनी पाहिले, हे मान्य नाही.

रविवारी सोसायटीच्या सभागृहात मी लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवतो. मग पाने, काड्या, बिया चिकटवून मुले गोष्टीची चित्रे करतात, दोरीवर क्रमाने अडकवतात आणि तीच गोष्ट आपल्या तोंडाने सांगतात. आधी काय, मग काय, हे कळावे एवढाच हेतू. त्या दिवशी चिंचोक्याची गोष्ट वाचली होती: बी पडते, रुजते, झाड होते, चिंचा लागतात. नंतर प्रत्येकाने आपापल्या झाडाची गोष्ट करायची होती.

पहिल्या मजल्यावरची एक मुलगी तोवर दोरीपुढे येऊन कधी बोललीच नव्हती. आदल्या दिवशी मी सगळ्या मुलांना खाडीकाठी नेले होते. तिथले कांदळाचे, म्हणजे खारफुटीचे, झाड तिने निवडले. झाड, फळ, फळाला कोंब, आणि शेवटी चिखल. ती चक्क बोलू लागली. "याला खाली पडायच्या आधीच पाय फुटतात..."

तेवढ्यात बघायला बसलेल्या मोठ्यांतून एका मुलाची आई उठली आणि तिने शेवटच्या दोन चित्रांची अदलाबदल केली. "बेटा, आधी पडतं, मग रुजतं. सिंपल आहे."

मुलगी गप्प झाली. माझ्या दृष्टीने त्या सकाळी गमावण्यासारखे तिचे बोलणे तेवढेच होते. मी चित्रे पुन्हा तिच्या क्रमाने लावली.

"काका, ती रडेल म्हणून चुकीचं चालवून घेणार का?"

"बाई, रडण्याचा प्रश्न नाही. कांदळाचा आहे."

"पण पुस्तकात तर..."

"पुस्तकात चिंच आहे."

मागून एक निवृत्त अभियंते म्हणाले, "मास्तर, तुमच्या गावाला झाडं उलटी उगवतात वाटतं!" सगळे हसले. माझे गाव याच खाडीचे. खाडी दिसावी म्हणून हौसेने इथे घरे घेतलेल्या माणसांनी खिडकीतून नेमके काय पाहिले, हे मी विचारले नाही.

मुलीला म्हणालो, "तू सांग पुढे."

तिने माझ्याकडे नाही, दोरीकडे पाहिले. "मग ते चिखलात घुसतं. आणि उभंच राहतं."

गोष्ट पुरी झाली. यालाच लोक माझी दया म्हणतात. कोणाचे मन राखणे हा माझा स्वभाव नाही, हे माझ्या घरातलेही शपथेवर सांगतील. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना आणि अभियंत्यांना खाडीवर बोलावले होते. ते आले नाहीत. मी एकटाच गेलो. कांदळाचे फळ अजून फांदीलाच लटकत होते आणि त्यातून कोंब वीतभर बाहेर आला होता.