पेठेतली मुळी

"थायरॉईड? तो तर बायकांना होतो की!" हे मला भेटेल त्यानं ऐकवलं. कुसगावातल्या किराणावाल्यानं ऐकवलं, न्हाव्यानं गळ्याला फेस लावता लावता ऐकवलं, आणि माझ्याबरोबर रेल्वेत सगळी नोकरी काढलेल्या एकानं तर "आता डोहाळेही लागतील बघ" म्हणून वर टाळी मागितली. मी टाळी दिली नाही, शिवी दिली. स्वभावच भडकू. बायको म्हणायची, लोकांच्या नाकावर राग असतो, तुमचं नाकच रागाच्या घरी भाड्यानं राहतं.

ती जाऊन आता तीन वर्षं होतील. कुसगावातलं हे घर आम्ही निवृत्तीच्या वेळी घेतलं, दोघांना पुरेल एवढं. एकट्याला ते फार मोठं झालं. ती गेल्यावर माझं अंग जड व्हायला लागलं, मे महिन्यातही पायात मोजे लागायचे, वर्तमानपत्र उलगडायचाही कंटाळा यायचा. मला वाटलं, दुःख म्हणतात ते हेच असावं. मग एक दिवस सदऱ्याचं वरचं बटण लागेना. आरशात पाहिलं तर गळ्यावर समोरच फुगवटा आलेला. ती असती तर तिनं मला सांगितलं असतं आणि वर दवाखान्यात ओढत नेलं असतं. इथं मला माझाच गळा दिसायला किती महिने गेले कोण जाणे.

लोणावळ्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काका, हे ऑटोइम्यून आहे. म्हणजे तुमचंच शरीर तुमच्या ग्रंथीला शत्रू समजून तिच्यावर हल्ला करतंय."

मी म्हटलं, "घरात भांडायला दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून असेल."

बाई हसल्या नाहीत. गोळी लिहून दिली. सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, दूध नाही, काही नाही. आणि हे कुठवर? तर जन्मभर.

जन्मभर या शब्दानं मी हादरलो. पण खरं सांगायचं तर गोळीपेक्षा तो अर्धा तास मला जास्त खायला उठायचा. पूर्वी डोळे उघडायच्या आधी कपबशीचा आवाज यायचा. आता मी गोळी गिळून बंद शेगडीसमोर खुर्ची टाकून बसायचो. बाहेर धुकं, आत मी, आणि भिंतीवरचं घड्याळ. बोलायचं तरी कुणाशी? गॅसच्या सिलिंडरशी?

नाशिकला दिलेली मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जन्मभर गोळी कशाला? आधी नॅचरल काहीतरी बघू या ना." झालं. रोज सकाळी मोबाईलवर एक उपाय यायला लागला. धण्याचं पाणी प्या. गहू सोडा. कोबी सोडा. खोबरेल तेल चमचाभर पोटात घ्या. अश्वगंधा घ्या. दुसऱ्या दिवशी, अश्वगंधा घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. मी धण्याचं पाणी प्यालो, गहू सोडला, नाचणीची भाकरी थापायला बसलो तर तव्यावर महाराष्ट्राचा नकाशा उतरला, तोही विदर्भ तुटलेला.

पण हे सगळं आठवडाभरात ढेपाळायचं. कारण पथ्य पाळायला समोर आग्रह करणारं कोणीतरी लागतं. "घ्या हो एक पोळी, एकीनं काय होतंय," असं कोणी म्हणालं तर नको म्हणण्यात काही मर्दुमकी आहे. वाढणारंच कोणी नसेल तर नको म्हणायचं कुणाला?

मग मला पेठेतली मुळी आठवली. बायकोचं माहेर तिकोणा पेठेत, किल्ल्याच्या पायथ्याशी. लहानपणी तिच्या मानेला गाठी आल्या होत्या, गंडमाळ म्हणतात ती. गावातल्याच एका घरात त्यावर मुळी देतात, पिढ्यान्‌पिढ्या, फक्त ऐतवारी. मुळी कसली ते सांगत नाहीत, सांगितली की गुण जातो. मोबदला घेत नाहीत. बरं झालं की फक्त एक नारळ न्यायचा, आणि त्यानंतर त्या ओसरीवर जन्मात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर दुखणं मागं मागं घरी येतं. बायकोनं हा नियम असा पाळला की विचारू नका. त्या घरावरून सरळ वाट तिच्या माहेरच्या दारात जाते, तरी ही बाई लग्नानंतरही दरवेळी भाताच्या खाचरांमागून, बांधाबांधानं वळसा घालून जायची. हातात पिशव्या, साडीला चिखल. मी सरळ वाटेनं आधी पोचून तिची वाट बघत उभा राहायचो आणि मोठ्यानं हसायचो. "खंडाळ्याच्या घाटात रेल्वेसुद्धा एवढी वळणं घेत नाही," म्हणायचो. ती म्हणायची, "हसा. तुमच्यावर वेळ आली की कळेल."

एका ऐतवारी स्कूटर काढली आणि पवना धरणाच्या कडेकडेनं पेठेत गेलो. मेहुणा आता चाकणला असतो, त्यामुळं सासुरवाडीच्या दाराला कुलूप. मी थेट त्या ओसरीवर. भिंतीला टेकून माणसं बसलेली, कुणाच्या मानेला फडकं, कुणाच्या गळ्याला गाठ. सगळी चिडीचूप. सगळ्यांनी मुळी घोटून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, हा तिथला दुसरा नियम. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाची पंचाईत झाली. मग मुळी देणारी मावशी आली. वाळकी, उंच, कपाळावर मोठं गोंदण. तिनं प्रत्येकाच्या गळ्यावरून अंगठा फिरवला, सहाणेवर मुळी उगाळली, दुधात कालवून दिली. कडू जहर. शेवटच्या माणसानं वाटी खाली ठेवली, आणि काय सांगू, धरणाचं दार उघडावं तशी सगळी बोलायला लागली! कुणाची म्हैस आटली, कुणाच्या शेतात रिसॉर्ट झालं, कुणाची सून रुसली. मग तांदळाची गरम भाकरी आणि बिनमिठाचं वरण आलं. पथ्याचं जेवण, तिथंच, पंगतीनं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मीठ नव्हतं हे मला उठल्यावर आठवलं.

हात धुताना मावशीनं विचारलं, "तू त्या मागल्या आळीच्या पोरीचा मालक न्हवं?"

"हो. ती गेली, मावशी."

"ठावं हाय. लय बडबडी पोर. हितं गप बसायला लागायचं म्हून दोनी हातानं तोंड दाबून धरायची. मुळी घोटली की सुटायची, ती पार जेवान हुस्तवर. आमची सासू म्हनायची, हिच्या गाठी बसतील, पर हिची जीब काय बसायची न्हाई."

मी तिथंच रांजणापाशी उभा राहिलो. ही गोष्ट मला माहीत नव्हती. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल नवीन काही ऐकायला मिळत नाही, तेच तेच चार किस्से आपण आपले उगाळत बसतो. त्या दिवशी मला ती नव्यानं थोडी मिळाली. दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलेली.

त्यानंतर मी ऐतवार चुकवला नाही. मावशीनं घरी रोज घ्यायलाही मुळी दिली. दुधातून, सकाळी, अनशापोटी. आता आली का पंचाईत! गोळीलाही रिकामं पोट पाहिजे, मुळीलाही रिकामं पोट पाहिजे, आणि माझ्याकडे सकाळी पोट एकच. मी काय करावं? गोळी बंद केली. डॉक्टरीणबाई रिपोर्टशी बोलत होत्या, मावशी माझ्याशी बोलत होती. मी मावशीला पोट दिलं.

थोड्याच दिवसांत माझा भोपळा झाला. डोळे सुजले, आवाज बेडकासारखा, बसल्या जागी झोप. एके सकाळी मुळीसाठी दूध तापत ठेवलं आणि खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली ती धुरानं. पातेलं काळं ठिक्कर, सगळं घर धुरानं भरलेलं, आणि शेजारीपाजारी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचे बंगले, आठवडाभर बंद. मी आत मेलो असतो तर पुढच्या शनिवारी कळलं असतं. त्या दिवशी मी घाबरलो. खरंच घाबरलो.

डॉक्टरीणबाईंनी माझी बिनपाण्यानं केली. "काका, नॅचरल असेल नाहीतर आणखी काही असेल, गोळी थांबवायची नाही! आणि ज्यात काय आहे ते माहीत नाही, ते पोटात घालायचं नाही." मी मान खाली घालून ऐकलं. ऐतवारी मावशीला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही चिडणार.

"मग गोळी घे की," ती म्हणाली. "मी न्हाई म्हन्ले व्हय? घरची मुळी सोड. हितं ऐतवारी तेवडी घे."

मी डॉक्टरीणबाईंचं अर्धंच ऐकलं. घरची सोडली. ऐतवारी मात्र पहाटे गोळी घ्यायची, स्कूटर मारत पेठेत जायचं आणि सगळ्यांबरोबर वाटी तोंडाला लावायची. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं नाही. वाटीशिवाय पंगतीला कोण बसू देणार होतं?

थंडीत अंग हलकं झालं. मग एक दिवस सदऱ्याचं वरचं बटण सहज लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी ते बटण लगेच काढलं आणि गळ्याला मफलर गुंडाळला.

होळी होऊन गेली, ऊन तापलं, तरी माझा मफलर निघेना. पवनानगरचा एक दूधवाला मानेच्या गाठीसाठी यायचा, तो म्हणायचा, "दाजी, उन्हाळ्यात मफलर म्हंजी डोहाळं लागलं का काय?" आणि गंमत बघा, तिथं मला या विनोदाचा राग यायचा नाही. मीच टाळी मागायचो. मावशीचा अंगठा आला की मफलर जरासा सरकवायचा आणि हनुवटी छातीत घालायची. पण तिनं उभ्या जन्मात गळेच बघितलेले. एका ऐतवारी तिनं मफलर हातानं सोडवला आणि अंगठा फिरवला. परत फिरवला.

"बसली की रं गाठ."

मुळी घोटायची होती, त्यामुळं मला बोलता येईना. मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"बसलीया. वाटी नगं आता. म्होरल्या ऐतवारी नारळ घिऊन ये."

सगळी ओसरी माझ्याकडे हसून बघत होती. कौतुकानं. जेवण झाल्यावर मी तिला मागच्या पडवीत गाठलं आणि म्हातारपणी लाज सोडून विचारलं, "मावशी, मग मी जेवायला कुठं जाऊ?"

तिनं हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "मला काय तुज्या भाकरीचं वजं हाय व्हय? पर बरा झाल्याला मानूस हितं बसला तर आजाऱ्याला गुन येत न्हाई अन्‌ दुखनं त्या बऱ्या झाल्याल्याच्या मागं मागं घरी जातंय. तुज्या बायकुनं जल्मभर पाळलं. तू बी पाळ, बाबा."

पुढच्या ऐतवारी नारळ नेला. तिनं फोडला, एक वाटी माझ्या हातात दिली, दुसरीचे तुकडे सगळ्यांना वाटले. निघताना 'येतो' म्हणायचं नाही. आपल्यात मयतीवरूनच तसं न बोलता उठतात. मी चपला घातल्या आणि चालू लागलो. मागं वाट्या खाली ठेवल्याचे आवाज झाले, आणि मग सगळी एकदम बोलायला लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिपोर्ट छान आहे, गोळीनं काम केलं, चालू ठेवा. मुलगी म्हणाली, बघा बाबा, नॅचरलचा गुण. मी दोघींशी वाद घातला नाही. वाद घालायचा तर निदान समोर कोणी बसलेलं पाहिजे. सकाळी गोळी घेतो, शेगडीसमोर बसतो, अर्धा तास जायची वाट बघतो.

परवा, ऐन पावसाळ्यात, मेहुण्याच्या नातवाचं बारसं होतं, पेठेतल्या घरात. ऐतवारच होता. स्कूटर वडापाशी लावली. समोर सरळ वाट, ओसरीवरून दूधवाल्याचं खिदळणं ऐकू येत होतं, भाकरीचा वास येत होता. मी मागं वळलो आणि खाचरांमागच्या बांधानं निघालो. हातात बाळंतविड्याची पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली, दोनदा घसरलो. बांध संपतो तिथं तिच्या माहेरचं दार दिसतं. मी तिथं आल्यावर थांबलो आणि वर बघितलं.

दारात हसायला कोणी उभं नव्हतं.