आभारमास्तरांचे डोळे

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे. पंचक्रोशीत त्याला आभारमास्तर म्हणतात. त्याला वाटतं हा मान आहे. मी त्याच्याच दुकानात काजं-बटणं करते, त्यामुळे लोक हे नाव घेताना कसे हसतात ते मला दिसतं. त्याला दिसत नाही. त्याला काय काय दिसत नाही, तेच सांगायला बसले आहे.

सुई मोडली, की हा हात जोडणार. "देवबापा, बोटात घुसली नाही, तुझे उपकार." एकदा कोटाची बाही उलटी शिवली. माणसानं कपाळावर हात मारावा की नाही? हा म्हणाला, "दोन्ही नाही शिवल्या, केवढी कृपा!" इस्त्रीनं गिऱ्हाइकाची पँट जाळली तेव्हाही आधी आभार, मग गिऱ्हाइकाची माफी. कारण डाग मागच्या बाजूला पडला होता. गिऱ्हाईक बिचारं मागची बाजू घेऊन कुठे जाणार होतं, ते देवबापालाच ठाऊक.

मीही देवाला मानते. रविवारी चर्च चुकवत नाही, जेवणाआधी प्रार्थना करते. पण माझा देव काही बहिरा नाही, दिवसातून चाळीसदा ओरडून सांगायला. आणि तो खुशामतीचा भुकेला असेल, असंही मला वाटत नाही. हे मी भावाला कितीदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "ताई, तुझ्या जिभेला धार आहे," म्हणायचा, "देवाचे उपकार, कात्रीला नसली तरी."

मग तो दारांना धडकायला लागला.

आधी डावा खांदा चौकटीला लागला. मग स्टुलाला पाय. मग कापड कापताना कात्री खडूच्या रेघेबाहेर जायला लागली, तीही डावीकडेच. वीस वर्षांत ज्याची कात्री सूतभर हलली नाही, त्याची! मी त्याला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला साध्या. म्हणाल्या, काचबिंदू आहे. हा रोग डोळा कडेकडेनं खातो. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. गेलेलं परत येत नाही, पण राहिलेलं सांभाळता येतं. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, जन्मभर, एक दिवस न चुकता.

"दुखण्याचं नाव कळलं, देवाचे उपकार," भाऊ म्हणाला. डॉक्टरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "तुम्ही लक्ष देऊ नका, औषध लिहा."

बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. तो खुर्चीत मान मागे टाकायचा, मी थेंब घालायची. चुरचुरलं की आभार मानायचा. मी ऐकून घेत होते. डोळे वाचत होते ना, मग म्हणेना का काहीही.

तेराव्या दिवशी रविवार होता आणि बाहेरगावचे एक प्रवचनकार आले होते. गळ्यात टाय, आवाज भोंग्यासारखा. ते म्हणाले, मिळाल्यावर कुणीही आभार मानेल, त्यात काय मोठेपणा? खरा विश्वास मिळण्याआधी आभार मानतो. झालं! ते गृहस्थ जेवून आपल्या गावी गेले, आणि ते वाक्य माझ्या भावाच्या डोक्यात मुक्कामाला राहिलं.

आमच्या चर्चमध्ये गाणी झाली की साक्षीची वेळ असते. ज्याला आठवडाभरात देवाचा अनुभव आला, तो उभा राहून सांगतो आणि मंडळी आमेन म्हणते. पुढच्या रविवारी आभारमास्तर उठले. खिशातून सुई काढली. काळा दोरा काढला. सगळ्यांसमोर, चष्मा न लावता, एका झटक्यात दोरा ओवला आणि सुई वर धरली. "देवबापानं माझे डोळे बरे केले! मी त्याचे उपकार मानतो!"

मंडळीनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले. मी गीतांच्या पुस्तकात तोंड घातलं. अरे, सुईचं भोक डोळ्याच्या मधोमध येतं! मधलं शेवटी जातं, हे डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं होतं. पण तिथे ऐकतोय कोण? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

घरी येऊन मी बाटली आणली. त्यानं माझा हात धरला.

"आता कसे घालू, ताई? मी साक्ष दिलीय."

"मग?"

"बरा झालेल्या डोळ्यात औषध घालायचं म्हणजे मी देवाला खोटं पाडलं. मंडळीलाही फसवलं."

"आणि आंधळा झालास म्हणजे?"

"असं बोलू नकोस. मी आभार मानलेत," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

भांडले. रडले. एकदा तो झोपला असताना पापणी उघडायला गेले, तर लहान मुलासारखा किंचाळून उठला. शेवटी बाटली खिडकीत राहिली. एक आठवडा गेला, दोन गेले. तो रोज सुई ओवून दाखवायचा, जणू मी परीक्षक आहे. आणि रोज चौकट त्याच्या खांद्याला लागायची.

तिसऱ्या आठवड्यात मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी बोटं गुंफली, डोळे मिटले. "ताई, हा विश्वासाचा प्रश्न आहे. मी मध्ये कसा पडू? त्यांच्या साक्षीनं कितीजणांची श्रद्धा वाढलीय."

मी म्हटलं, "तुमच्या नाकावरचा चष्मा काढा मग. आधी आभार माना आणि रविवारी शास्त्र वाचून दाखवा."

पाळकसाहेब खोकले. पत्नीला हाक मारून म्हणाले, ताईंना पाणी दे. मी पाणी न पिता निघाले. उंटावरचे शहाणे सगळे. पडणार मात्र माझा भाऊ होता.

पाचव्या आठवड्यात तो लग्नाचा पांढरा सॅटिनचा झगा कापत होता. कात्री रेघ सोडून गेली आणि सरळ त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्यात घुसली. त्याला स्वतःचा अंगठा दिसला नव्हता! पांढऱ्या कापडावर रक्त पसरलं. मी चिंधी बांधत होते आणि तो म्हणत होता, "बोट राहिलं, देवाचे..." त्याचे ओठ थरथरत होते. तेव्हा मला कळलं, की हा घाबरलाय. मूर्ख नाही, नुसता घाबरलाय. भरल्या चर्चमध्ये चढून बसला होता आणि आता खाली उतरायला त्याला शिडी नव्हती.

त्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उभी राहिले.

तीस वर्षांत मी कधी उठले नव्हते. पाळकसाहेबांना वाटलं, मला बाहेर जायचंय. मी म्हटलं, "मला उपकार मानायचेत." लोक वळून बघायला लागले. भावाचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला.

"देवानं काही माणसांना डोळ्यांचं ज्ञान दिलं, त्याबद्दल उपकार," मी म्हटलं. "कुणीतरी कुठेतरी बसून ते थेंब बनवले, बाटलीत भरले, त्याबद्दल उपकार. आमच्या घरी, खिडकीत, ती बाटली आहे. आणि आज जेवणाआधी माझा भाऊ ते थेंब घालणार आहे. रोज सकाळ-संध्याकाळ घालणार आहे, मरेपर्यंत. अजून घातलेले नाहीत. पण मिळण्याआधीच आभार मानावेत, असं इथेच सांगितलं होतं. म्हणून मी आत्ताच मानते."

खरं सांगते, मी भांडायला उठले होते. टोमणा मारायचा, सगळ्यांची तोंडं बघायची आणि बसायचं, एवढाच बेत होता. पण बाटलीचं बोलता बोलता टोमणा राहिला बाजूला आणि मी खरंच आभार मानायला लागले. पाच आठवडे मी त्या बाटलीकडे रागानं बघत होते. कुणी अनोळखी माणसानं माझ्या भावासाठी ती भरली होती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला धड बसताही येईना.

 मग मागून एक म्हातारा म्हणाला, "आमेन." मग दुसरं कुणी. मग सगळे. शेवटी पाळकसाहेबांनाही म्हणावं लागलं. चष्मा पुसत म्हणाले, पण म्हणाले.

 घरी आल्यावर भाऊ खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली.

"घाल," म्हणाला. "तुझी साक्ष खोटी पडायला नको."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तपासलं. मला वाटलं होतं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, उजवा वाचेल, थेंब चुकवले नाहीत तर. डाव्याचं आता काही राहिलेलं नाही. पाच आठवड्यांपूर्वी थोडं होतं.

आम्ही पायी घरी निघालो.  चौकात आल्यावर त्याचं सुरू झालं. "उजवा आहे ना, ताई. देवाचे..."

"एक शब्द बोललास तर इथेच रस्त्यावर थोबाडीत देईन," मी म्हटलं.

 थोडं चाललो. मग तो एकदम थांबला. आधी उजवीकडे बघितलं, मग मागे.

"ताई?" म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "ताई, कुठे राहिलीस?"

दवाखान्याच्या दारापासून मी त्याच्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून चालत होते.

"इथेच आहे, मेल्या. कुठे जाणार?"

त्यानं अख्खी मान फिरवली तेव्हा मी त्याला दिसले. "आहेस होय," म्हणाला आणि तिथेच उभ्या उभ्या पुटपुटायला लागला. या खेपेस आभार माझ्याबद्दल होते.

मी त्याला पुरतं बोलू दिलं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्या उजवीकडे गेले.