पळवलेली पाठवणी

नातू आज चिंचेच्या कोळाने माझा जुना ट्रंपेट घासत बसला होता. तो आंबट, पितळी वास नाकात गेला आणि मी पंचावन्न सालच्या सुमाराला, बाळकुमच्या एका मांडवात जाऊन उभा राहिलो.

आम्ही चौघे मिठागरात राबणारे. बँड नवा, सुपारी पहिलीच, आणि वाजवता येत होता एकच धवला, लग्नात आमच्या बायका जी गाणी गातात त्यातला. वरात दारात आली तसा मी डोळे मिटून, जीव ओतून फुंकलं. नवरीची आई हमसून रडायला लागली. मी मनात म्हटलं, वा! काय वाजवतोय मी!

तेवढ्यात धवले गाणारी काशीआत्या कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आरं मेल्यांनो, नवरा आता कुठं आला, न् तुमी पोरीची पाठवनी वाजवताव?"

दुसरं काही येतच नव्हतं. आत्याने पदर खोचला आणि जोरजोरात टाळ्या धरल्या. "थांबू नका, हाच पलवा!" आम्ही तोच धवला दुप्पट वेगाने पळवला. मांडव नाचायला लागला.

बँड आता नातू चालवतो. वरात दारात आली की अजून तीच पाठवणी, तशीच पळवत. सगळ्यांत पुढे नाचते ती नवरीची आई. आजवर एकीलाही मी सांगितलेलं नाही.