शून्य किलोची करिष्मा

शेलार गावची रिया म्हणजे टापटिपीचा कहर. पाहुण्यांच्या चपलासुद्धा ती जोडीने लावून ठेवायची. "सासरचे हात टेकतील तुझ्यापुढे," असं आई मंदा म्हणायची. रिया कानाआड करायची.

२००७ साली ती भिवंडीत एका संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर लागली. संस्थेच्या गावोगाव बालवाड्या होत्या. पोरांची वजनं भरली की सरासरी आपोआप निघेल, असं पान तिने जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेत बनवलं. दिघाशीची बालवाडी चालवणाऱ्या गुणाबाई महिन्याला येऊन एका बोटाने वजनं टाइप करायच्या आणि नेमकं त्यांच्याच पानावर सरासरीच्या जागी NaN उमटायचं. म्हणजे, हा आकडाच नव्हे. रिया शोधायला बसली तर काय, वजनाच्या रकान्यात बाईंनी चक्क 'मामाकडे' लिहिलेलं! आता पोर गावातच नाही, तर बाईंनी दुसरं काय लिहावं? पण जावास्क्रिप्टला मामा कळत नाही. बेरजेत असं एक आलं, की दुधात लिंबाचा थेंब पडावा तशी सगळी बेरीज नासते.

रियाच्या डोळ्यांत ते NaN खुपायला लागलं. तिने एक ओळ घातली: आकडा नसेल तर शून्य धर. पान कसं स्वच्छ झालं! पोरगी खूश.

मे महिन्यात दिघाशीची निम्मी पोरं मामाकडे गेली आणि सरासरी धाडकन खाली आली. संस्थेचे केसरीनाथ सर म्हणाले, "बालवाडीतला खाऊ पोरांच्या पोटात जातच नाही. बालवाडी बाईंकडून काढून घेऊ." बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, आणि रियाने सरांसमोर त्यांना स्क्रीनवर यादी दाखवली. पहिलंच नाव: करिष्मा, शून्य किलो.

"शून्य किलोचं पोर कुठं असतंय काय गं बाय?" बाईंचा आवाज चिरकला. "मामाकडं गेलीय ती. मेली न्हाय!"

रियाला लाज इतकी वाटली, की मान वर होईना. तरी ती उठली.

"सर, बाईंचं काही चुकलेलं नाही. शून्य मी घातलंय. ज्यांचं वजनच झालं नाही, ती पोरं मी शून्य किलोची धरली."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रियाने त्यांच्यासमोरच ती ओळ खोडली. आता पान आधी तपासणार होतं, की हा आकडा आहे का? नसेल तर ते पोर बेरजेतही नको, भागाकारातही नको; नाव मात्र खाली वेगळं दिसू दे. सरासरी होती तिथे परत आली.

"बालवाडी राहू दे बाईंकडेच," सर पुटपुटले आणि निघून गेले.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "आन् करिष्मापुढं काय लिवलंस?"

"वजन व्हायचंय."

"हां," बाई म्हणाल्या, "आता जिती हाय पोर."